‘दिसले नाही’ आणि ‘नव्हते’

आपल्या हॉस्टेलवर युद्धपट बघणाऱ्यांची कमतरता नाही. ‘मिडवे’ या नावाचे दोन सिनेमे निघाले, एक १९७६ मध्ये आणि दुसरा २०१९ मध्ये. दोन्हींत आपण ज्याची वाट बघत बसतो तो प्रसंग एकच. डाइव्ह बॉम्बर विमाने आकाशातून जवळजवळ उभी खाली येतात, बॉम्ब सुटतो, जपानी विमानवाहू जहाज पेटते आणि खोलीत शिट्ट्या सुरू होतात. शिट्ट्यांना माझा विरोध नाही. पण त्यामुळे एक गैरसमज पक्का होऊन बसला आहे, की त्या वैमानिकांचे काम म्हणजे तेवढी पाऊण मिनिटाची बुडी. माझे म्हणणे असे की त्यांचे रोजचे काम वेगळेच होते आणि ते भयंकर कंटाळवाणे होते. आपल्यासारख्या इंजिनिअरिंगवाल्यांना त्यांच्याकडून काही घ्यायचेच असेल, तर ते त्या कंटाळवाण्या कामातूनच घ्यावे लागेल.

आधी विमानाची ओळख करून देतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलाचे मुख्य डाइव्ह बॉम्बर होते डग्लस कंपनीचे ‘एसबीडी डॉन्टलेस’. साधारण हजार अश्वशक्तीचे एक इंजिन आणि दोन माणसे. यातल्या ‘एस’चा अर्थ स्काउट, ‘बी’चा बॉम्बर आणि ‘डी’चा डग्लस. म्हणजे नावातच टेहळणी आधी आणि बॉम्ब नंतर! आणि प्रत्यक्षातही तसेच होते. ही माणसे जितक्या वेळा बॉम्ब टाकायला गेली, त्याच्या कितीतरी पट वेळा नुसता समुद्र बघायला गेली.

त्यांचा नेहमीचा दिवस कसा असायचा ते बघा. उठणे पहाटेच्या आधी, अंधारात. नाश्ता करून वैमानिक ‘रेडी रूम’मध्ये जमायचे. तिथे वाऱ्याची दिशा, वाऱ्याचा वेग, जहाजाची जागा आणि जहाज पुढे कुठल्या दिशेला किती वेगाने जाणार, हे सगळे फळ्यावर यायचे. ते प्रत्येकाने आपापल्या प्लॉटिंग बोर्डावर उतरवून घ्यायचे. हा बोर्ड विमानात डॅशबोर्डाखाली सरकवून ठेवायचा आणि उडताना मांडीवर ओढून घेऊन त्यावर पेन्सिलीने गणित करायचे. एका हातात स्टिक, दुसऱ्या हातात पेन्सिल.

मग विमाने निघायची. जहाजाभोवतीच्या समुद्राचे पिझ्झासारखे तुकडे पाडलेले असत. एकेका तुकड्याला म्हणजे सेक्टरला एक किंवा दोन विमाने. सरळ दीडशे-दोनशे सागरी मैल जायचे, थोडे आडवे उडायचे आणि परत यायचे. तीन-चार तासांचा मामला. पोटाखाली बॉम्ब असायचाच, पण काम एकच. बघायचे. पाणी, ढग, परत पाणी. पाणबुडीचा माग काढायची गस्त तर जहाजाच्या आसपासच घिरट्या घालण्याची, म्हणजे आणखी रटाळ.

आता यातली खरी गंमत. अकरावी-बारावीत आपण ‘नदी आणि बोट’ची गणिते केली आहेत. रिलेटिव्ह व्हेलॉसिटीचा त्रिकोण काढायचा, उत्तर चुकले तर दोन मार्क जाणार. यांचाही तोच त्रिकोण होता. फरक एवढाच की इथे नदीच्या जागी वारा होता, आणि पलीकडचा काठसुद्धा जागेवर नव्हता. विमान चार तासांनी परत येईपर्यंत पंधरा नॉट वेगाने चाललेले जहाज साठ मैल सरकलेले असे. रेडिओवर ‘तुम्ही कुठे आहात?’ विचारायची सोय नाही, कारण शत्रूही ऐकतो. दोनशे मैलांवर दोन अंशांची चूक म्हणजे जवळजवळ सात मैलांचे अंतर. ढगाळ हवेत सात मैलांवरचे जहाज दिसत नाही. पेट्रोल संपले की विमान पाण्यात. म्हणून वाऱ्याचा अंदाज सतत घ्यायचा. लाटांवरचा फेस कुठल्या दिशेला पसरतो ते बघायचे, गरज पडली तर पाण्यावर धुराचा डबा टाकून विमान किती आडवे सरकते ते मोजायचे.

मदतीला एक यंत्र होते. जहाजावरून फिरता रेडिओ किरण सोडलेला असे. वर्तुळाचे तीस-तीस अंशांचे बारा भाग आणि प्रत्येक भागात मोर्सचे वेगळे अक्षर. कानात जे अक्षर ऐकू येईल त्यावरून आपण जहाजाच्या कुठल्या बाजूला आहोत ते कळे. अक्षरांची मांडणी रोज बदलायची, म्हणजे ती रोज लिहून घ्यायची. न लिहिता गेलात तर कानात येणाऱ्या अक्षराला काडीचाही अर्थ नाही.

उतरल्यावर पुन्हा रेडी रूम, पुन्हा अहवाल. बहुतेक दिवशी त्या अहवालाचे सार एका ओळीत मावे: काहीही दिसले नाही.

मला वाटते, ही एक ओळ म्हणजे डाइव्ह बॉम्बरवाल्यांची सगळ्यात महत्त्वाची कमाई होती. कारण जहाजावरचा अ‍ॅडमिरल ती ओळ वाचून नकाशावरचा एक तुकडा मिटवत असे. इथे शत्रू नाही, म्हणजे उरलेल्या तुकड्यांत असणार. हे तेव्हाच खरे, जेव्हा वैमानिक सेक्टरच्या टोकापर्यंत खरोखर गेलेला असतो, आणि ‘ढग होते म्हणून अमुक भाग दिसला नाही’ हेही तो सांगतो. ‘दिसले नाही’ आणि ‘नव्हते’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ऐकायला सारख्याच वाटतात, पण या दोन शब्दांमधल्या फटीत माणसे मेली आहेत.

याला पुरावा म्हणून ४ जून १९४२ हाच दिवस घेऊ. म्हणजे ज्या दिवसावर सिनेमे निघाले तोच मिडवेचा दिवस.

त्या पहाटे ‘यॉर्कटाऊन’ या अमेरिकन जहाजावरून दहा डॉन्टलेस उत्तरेकडे टेहळणीला गेली. त्यांना काहीही दिसले नाही. त्यांना परत उतरवून घेईपर्यंत जहाजाचा बाकीचा हल्ला थांबला होता. सिनेमावाल्यांच्या दृष्टीने ही दहा विमाने म्हणजे वेळेचा अपव्यय. पण उत्तरेकडून कोणी अचानक अंगावर येत नाही, हे त्या दहा रिकाम्या फेऱ्यांमुळे कळले.

जपान्यांनीही त्या पहाटे टेहळणीला सात विमाने सोडली. एवढ्या मोठ्या समुद्राला सात! त्यांतले एक, ‘तोने’ क्रूझरचे, जवळपास अर्धा तास उशिरा सुटले. दुसरे, ‘चिकुमा’ क्रूझरचे, ज्या मार्गाने गेले तिथे त्याला अमेरिकन जहाजे सापडायला हवी होती असे इतिहासकार म्हणतात. पण ते ढगांच्या वरून गेले. त्याच्याकडून शत्रू दिसल्याचा संदेश आला नाही. शत्रू ‘दिसला’ नव्हता, पण शत्रू ‘होता’.

तिसरे उदाहरण अमेरिकेच्याच ‘हॉर्नेट’ जहाजाचे. त्याच्या तिसाहून अधिक डाइव्ह बॉम्बरना त्या सकाळी जपानी जहाजे सापडलीच नाहीत. सोबतच्या दहा फायटरांचे पेट्रोल संपून ती समुद्रात पडली. त्याच जहाजाच्या पंधरा टॉर्पेडो विमानांनी मुख्य तुकडी सोडून वेगळी वाट धरली, त्यांना शत्रू सापडला, आणि त्या पंधरा विमानांतल्या तीस जणांपैकी फक्त एक जण जिवंत राहिला. आता प्रश्न असा की हॉर्नेटची विमाने नेमकी कुठल्या दिशेला गेली होती? कॅप्टनच्या अहवालात एक दिशा आहे, पुढे हयात वैमानिकांनी सांगितलेली दिशा वेगळी आहे. स्क्वाड्रनचे स्वतंत्र अहवाल असते तर वाद मिटला असता, पण ते संग्रहात नाहीतच. एवढी वर्षे झाली, अभ्यासक अजून कोन मोजत बसले आहेत. ज्या दिवशी काही मिळाले नाही, नेमकी त्याच दिवसाची नोंद नीट राहिली नाही. हे मला फार बोलके वाटते.

आणि जिंकलेली बाजू? ‘एंटरप्राइज’च्या डाइव्ह बॉम्बरचा प्रमुख वेड मॅकक्लस्की ठरलेल्या ठिकाणी पोचला तेव्हा तिथे समुद्र रिकामा होता. त्याने प्लॉटिंग बोर्डावर हिशोब केला, शत्रू फार तर कुठपर्यंत गेला असेल ते काढले आणि त्याप्रमाणे शोध चालू ठेवला. पेट्रोल संपत आलेले असताना त्याला एक एकटी जपानी विनाशिका घाईने जाताना दिसली. तिच्या दिशेने तो वळला, आणि पुढचे सिनेमात आहेच. त्याला लोक नशीबवान म्हणतात. म्हणोत. पण पेन्सिलीचा तो हिशोब त्याने स्वतः केलेला होता. नशीब त्या हिशोबानंतर आले.

आता मागच्या सीटवरच्या माणसाबद्दल लिहिले नाही तर हा लेख अपुरा राहील. डॉन्टलेसमध्ये मागे रेडिओमन-गनर बसे, तोंड शेपटीकडे करून. रेडिओ तो सांभाळणार, मशीनगनही तोच चालवणार. विमान सत्तर अंशांत बुडी घेते तेव्हा पुढच्याला निदान खालचे जहाज दिसते. मागचा माणूस जवळजवळ उताणा पडून आकाश बघत खाली जातो. साधारण पंधरा-वीस हजार फुटांवरून दोन-अडीच हजार फुटांपर्यंत. नंतर विमान वर घेताना दोघांवरही स्वतःच्या वजनाच्या पाच-सहा पट भार पडतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. वैमानिक बहुतेक करून अधिकारी, हा बहुतेक करून साधा सैनिक. एका विमानात जीव एकत्र, जहाजावर जेवण वेगळ्या मेसमध्ये.

७ डिसेंबर १९४१ च्या सकाळी ‘एंटरप्राइज’वरून अठरा डॉन्टलेस नेहमीच्या टेहळणीला निघाली. काम संपवून पर्ल हार्बरला उतरायचे, एवढाच बेत. ती पोचली ती थेट जपानी हल्ल्यात. मॅन्युएल गोन्झालेस या तरुण वैमानिकाचा ‘हे अमेरिकन विमान आहे, गोळ्या घालू नका’ अशा अर्थाचा ओरडा रेडिओवर इतरांना ऐकू आला. तो परतला नाही. त्याच्या मागे लिओनार्ड कोझेलेक बसला होता. तोही परतला नाही. गोष्ट सांगताना बहुतेक जण पहिल्या नावावरच थांबतात. रूटीन म्हणजे सुरक्षित, असा आपला समज असतो. त्या अठरा विमानांची ती रूटीन फेरीच होती.

यंत्रांचेही तसेच. डॉन्टलेसच्या पंखांवरच्या ब्रेकसारख्या झडपांना भोके होती. ती शोभेची नव्हती. शेपटी थरथरू नये म्हणून ती पाडलेली होती. या झडपांमुळे बुडीतला वेग ताशी साधारण साडेचारशे किलोमीटरच्या आसपास राही. हे झाले जमलेले इंजिनिअरिंग. न जमलेलेही बघा. मे १९४२ मध्ये कोरल समुद्रातल्या लढाईत विमाने वरच्या थंड हवेतून खालच्या दमट हवेत आली की नेम धरायच्या दुर्बिणीवर धुके जमायचे आणि वैमानिक आंधळा व्हायचा. मिडवेला मॅक्स लेस्लीच्या स्क्वाड्रनमध्ये बॉम्ब ‘आर्म’ करायच्या नव्या विजेच्या स्विचने घोटाळा केला, आणि स्वतः लेस्लीसकट चार विमानांचे बॉम्ब वाटेतच समुद्रात पडले. लेस्ली बॉम्ब नसतानाही पुढे राहून बुडी मारत गेला. डिक बेस्ट या वैमानिकाच्या ऑक्सिजन यंत्रणेत बिघाड होऊन कॉस्टिक सोड्याचा अंश त्याच्या फुप्फुसात गेला. त्या दिवशी त्याने दोन हल्ले केले, पण सुप्त क्षयरोग उफाळला आणि नंतर तो पुन्हा कधीच उडाला नाही. त्या दिवशी त्याच्या मागच्या सीटवर जेम्स मरे होता, हेही लिहून ठेवतो.

असे बिघाड दुरुस्त कधी होतात? कोणीतरी परत येऊन ‘काच धुक्याने भरली, म्हणून नेम चुकला’ असे जसेच्या तसे लिहितो तेव्हा. ‘हल्ला समाधानकारक’ असे लिहिले असते तर पुढच्या तुकडीनेही तीच आंधळी काच घेऊन बुडी मारली असती.

आपल्या देशातही हे काम झालेले आहे, हे फार जणांना ठाऊक नसते. १९४३-४४ मध्ये भारतीय वायुदलाच्या ७ आणि ८ क्रमांकाच्या स्क्वाड्रन ‘व्हेन्जन्स’ नावाची अमेरिकन डाइव्ह बॉम्बर घेऊन ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढत होत्या. १९७१ च्या युद्धात वायुदलप्रमुख असलेले पी. सी. लाल हे तेव्हा ७ नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये होते. आधी नॅव्हिगेटर म्हणून शिकलेले, मग वैमानिक झालेले. पुढची सीट आणि मागचे गणित, दोन्ही त्यांना ठाऊक. त्या आघाडीवर लक्ष्य असायचे दाट जंगलात. बॉम्ब पडला की झाडांच्या वर नुसता धूर आणि धूळ. खाली नेमके काय झाले ते वरून कळायचेच नाही. अशा वेळी ‘परिणाम दिसला नाही’ एवढेच लिहिणे हा प्रामाणिकपणा, कारण त्या नोंदीवर विसंबून खालून पायदळ पुढे सरकणार असते.

कोणी म्हणेल, माणसे मारणाऱ्यांचे गोडवे कशाला गातोस? आक्षेप योग्य आहे. मिडवेला सुमारे तीन हजार जपानी मेले, त्यातले कित्येक जहाजांच्या पोटात, इंजिनरूममध्ये, म्हणजे आपल्याच ब्रँचचे लोक म्हणा ना. रूटीनला ही काळी बाजू आहेच. रोज तेच करत राहिले की काय करतोय हे माणूस विसरू शकतो. पण मला वाटते, याच कारणासाठी खरी नोंद आणखी गरजेची ठरते. खोट्या नोंदीत मारलेलाही हरवतो आणि मेलेलाही.

आता जरा आपल्याकडे येऊ. फ्लुइडच्या लॅबमध्ये व्हेन्च्युरीमीटरचा कोएफिशंट ०.९८ च्या आसपास यायला हवा, हे सगळ्यांना पाठ असते. मॅनोमीटरमध्ये हवा अडकलेली आहे, व्हॉल्व्ह गळतोय, उत्तर ०.७ येतेय. मग काय होते? “अरे, बसव ना राव रीडिंग!” उत्तर आधी, निरीक्षण नंतर. शंभर टक्के जर्नले चेक होतात, एकाही जर्नलमध्ये व्हॉल्व्ह गळत नाही. पुढच्या वर्षी ज्युनियर येतात, व्हॉल्व्ह तसाच गळत असतो. गळेलच, कारण कागदावर तो कधी गळलाच नाही.

यात दोष नुसत्या पोरांचा आहे असे मला वाटत नाही. ०.७ उत्तराचे जर्नल ‘रिपीट’ म्हणून परत येणार असेल आणि बसवलेल्या ०.९८ ला सही मिळणार असेल, तर पोरे काय शिकणार हे उघड आहे. ज्या मुलाला चार वर्षे हे जमून गेले, तो उद्या लिफ्टच्या तपासणीचे रजिस्टर भरणार आहे, बॉयलरचा प्रेशर लिहिणार आहे, पुलाच्या खाली उतरून वर येऊन सही करणार आहे. तिथे ‘तडा दिसला नाही’ आणि ‘पाणी होते म्हणून खांब बघताच आला नाही’ यातला फरक त्याला कोण शिकवणार?

म्हणून माझे सरळ म्हणणे मांडतो. प्रत्येक जर्नलमध्ये निष्कर्षाच्या आधी एक चौकट असावी: ‘काय बघता आले नाही आणि का’. ती रिकामी ठेवता येणार नाही असा नियम करा. उत्तर चुकले पण कारण बरोबर शोधले, तर पूर्ण मार्क द्या. आणि ग्रुपमध्ये जो मुलगा कोपऱ्यात उभा राहून नुसते रीडिंग सांगत असतो, त्याचेही नाव पहिल्या पानावर येऊ द्या. मागच्या सीटवर तोच असतो.

स्टाफला एवढीच विनंती. पुढच्या प्रॅक्टिकलला एखादे जर्नल समोर येईल, त्यात लिहिलेले असेल की व्हॉल्व्ह गळत होता, रीडिंग विश्वासार्ह नाही. सर, त्याखाली सही करा. आणि मग प्लंबरला बोलवा.